ताईला ठाऊक होतं म्हणून

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सलूनमध्ये खुर्चीत होतो. अर्धी दाढी झाली होती, उरलेल्या गालावर फेस होता. शैला, म्हणजे माझी बायको, फोनवर एवढंच म्हणाली, "वन्सं गेल्या. या." मी उठलो, गळ्याचा टॉवेल तसाच ठेवून गंगापूर रोडवरून ताईच्या घराकडे चालू लागलो. लोक थांबून बघत होते. माझं दुःख चेहऱ्यावर दिसत असावं, असं मला वाटत होतं. घरात शिरल्यावर शैलानं पदरानं माझा गाल पुसला, तेव्हा कळलं की लोक काय बघत होते. आत ताई शांत झोपल्यासारखी होती. उठून बसली असती तर नक्की म्हणाली असती, "नंदू, एक काम कधी पुरं केलंस का रे?" …नाही केलं. हे लिहायलाही दीड महिना लावला.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, एम.एस्सी.च्या वर्गांपर्यंत. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची घरात कुणाची छाती झाली नाही, आणि माझी तर दहावीत गणितात नापास झाल्यापासून तिला काहीच विचारायची झाली नाही. मी पुढे कसाबसा बी.कॉम. होऊन वीजमंडळात कारकुनाला लागलो. आमच्या घरातली सगळी विद्या पहिल्या अपत्यात संपली, असं आई म्हणायची. ती हे माझ्यासमोर म्हणायची, आणि मी मान डोलवायचो.

दहाव्या दिवसानंतर कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य बोलले, निवृत्त सहकारी बोलले, एकानं तर ताईपेक्षा स्वतःबद्दलच जास्त सांगितलं. मागच्या चार रांगा ताईच्या विद्यार्थ्यांनी भरल्या होत्या. सुरगाणा, पेठ, इगतपुरीकडच्या पाड्यांवरून आलेली ही माणसं. कोणी शिक्षक, कोणी वनखात्यात, दोघं-तिघं प्राध्यापक. भल्या पहाटे जीप करून निघाली होती. सूत्रसंचालकानं दोनदा विचारलं, विद्यार्थ्यांपैकी कोणी दोन शब्द? कोणी उठलं नाही. सगळे खाली बघत राहिले. माझा पुण्याचा चुलतभाऊ कानाशी पुटपुटला, "एवढं केलं तिनं यांच्यासाठी, आणि तोंडातून शब्द निघत नाही?" ते का बोलले नाहीत हे मला पक्कं माहीत होतं, पण ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. ताईच्या एम.एस्सी.ला आदिवासी मुलांच्या राखीव जागा असायच्या. पहिल्या वर्षाला पाच-सहा जण यायचे, दुसऱ्या वर्षी दोन उरायचे. कोणाला वसतिगृह मिळालेलं नसायचं, कोणाचा जातपडताळणीचा कागद अडकलेला, पुस्तकं सगळी इंग्रजीत. ताई त्या सगळ्यामागे धावायची. समाजकल्याणच्या कचेरीत तिला बघून शिपाई आधीच खुर्ची पुढे करायचा, कारण ती उभी राहिली की साहेब बाहेर येईपर्यंत उभीच राहायची. पण एक गोष्ट तिच्या हातात येत नव्हती. ही मुलं लेखी परीक्षेत पास व्हायची आणि तोंडी परीक्षेत पडायची. पुण्याहून बाहेरचे परीक्षक यायचे, प्रश्न विचारायचे, आणि मुलं गप्प उभी. परीक्षकांना वाटायचं, यांना काही येतच नाही. ताईला ठाऊक होतं, येतं. एकदा तिनं काशिनाथ नावाच्या मुलाला कोपऱ्यात घेतलं. त्यानं गोळा करून वाळवलेल्या वनस्पती सगळ्या वर्गात उत्तम होत्या. ती म्हणाली, "तुला येत होतं. मग बोलला का नाहीस?" काशिनाथ जमिनीकडे बघत म्हणाला, "सरांना माहीत होतं की."

ताईनं हे मला त्याच संध्याकाळी सांगितलं. मी हसलो. ती हसली नाही. तिनं मग एकेकाला विचारत त्याचा माग काढला. त्यांच्या घरांत मोठ्या माणसाला, त्याला जे आधीच ठाऊक आहे ते सांगणं म्हणजे त्याची थट्टा करणं. काकाला शेतीचं सांगायचं नाही, वैद्याला झाडपाल्याचं सांगायचं नाही. जाणत्यासमोर गप्प राहायचं, हाच मान. आणि इथे परीक्षा म्हणजे काय, तर पुण्याहून आलेल्या सर्वांत जाणत्या माणसाला त्याच्याच विषयातलं तोंडावर ऐकवायचं. पोरांची जीभ टाळ्याला चिकटली तर नवल काय?

आता या सगळ्यात मी कुठून आलो? एका रविवारी मी ताईकडे मिक्सर परत द्यायला गेलो होतो. काशिनाथ पुढच्या खोलीत वाळलेली पानं वर्तमानपत्रात लावत बसला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी एक फांदी उचलली आणि म्हणालो, "कडुनिंब ना?" त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण रस्ता चुकलेल्या म्हाताऱ्याकडे बघतो. मग म्हणाला, "नाय काका, हा बकाण. कडुनिंबाच्या देठाला सरळ पानं लागतात. याच्या देठाला आधी फांद्या फुटतात, मग पानं. हे बघा…" आणि तो बोलतच गेला. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. फूल कसं, फळ कसं, गुरं कुठलं खातात, कुठलं नाही. मी मधूनमधून "असं का?" म्हणत होतो, आणि ते अगदी मनापासून, कारण मला खरंच काही कळत नव्हतं. ताई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली, आणि तिथेच थांबली. मग एक पाऊलही न वाजवता मागे गेली. चहा त्या दिवशी कोणालाच मिळाला नाही.

काशिनाथ गेल्यावर ती मला म्हणाली, "पुढच्या रविवारी अकराला ये. आणि काही वाचून येऊ नकोस."

अशी माझी नेमणूक झाली. अख्ख्या आयुष्यात मला माझ्या गुणांवर मिळालेली ही एकच जागा, आणि तो गुण म्हणजे अज्ञान. दर रविवारी अकरा वाजता मी खुर्चीत बसायचो, समोर एकेक विद्यार्थी, आणि ताई स्वयंपाकघरात मेथी निवडत भिंतीआड बसायची. ती समोर आली की बोलणं बंद, म्हणून तिला आत बसणं भाग होतं. तीन-चार रविवारांत मुलं मोकळी व्हायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी ताई त्यांना एकच सांगायची, "परीक्षकांच्या चेहऱ्याकडे बघा आणि समजा की तिथे काका बसलेत." त्या वर्षापासून पुण्याच्या मोठमोठ्या विद्वानांच्या जागी माझा चेहरा दिसू लागला, आणि पोरं पास होऊ लागली. पाच-सहा वर्षं हे चाललं. मी ऑफिसात छाती काढून सांगायचो की मी एम.एस्सी.च्या मुलांना मार्गदर्शन करतो. नेमकं काय करतो, ते सांगत नव्हतो.

घोटाळा व्हायचा तो इथेच झाला. पाच-सहा वर्षं दर रविवारी कोणी तुमच्या कानात वनस्पतिशास्त्र ओतत राहिलं, तर दगडालाही थोडं येऊ लागेल. मला येऊ लागलं. मी ते ताईपासून लपवलं, पण मनातून फुशारलो होतो.

त्या वर्षी यमुना होती. सुरगाण्याच्या पलीकडच्या पाड्यावरची, तिथून एम.एस्सी.पर्यंत पोचलेली पहिली मुलगी. सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत मुकी. ताईसमोर दोन वर्षांत तिनं 'हो मॅडम'च्या पलीकडे शब्द काढला नव्हता. माझ्यासमोर बोलायला तिला दोन महिने लागले, पण एकदा लागली की ओढ्यासारखी. तोंडी परीक्षा आठ दिवसांवर आली होती. ती मला मक्याच्या खोडाचा आडवा काप समजावत होती, आणि कुठेतरी अडखळली. म्हणाली, आतले वाहिन्यांचे पुंजके वर्तुळात… मी लगेच म्हणालो, "वर्तुळात नव्हे गं, विखुरलेले. मका एकदल ना? वर्तुळात असतात ते द्विदल." इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी व्हॅस्क्युलर बंडल वगैरे म्हणत तो सगळा धडा तिला म्हणून दाखवला. आत मेथी निवडायचा आवाज बंद झाला. यमुनानं वही मिटली आणि हळूच म्हणाली, "काकांना येतं की."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. परीक्षेतही बोलली नाही. नापास झाली, आणि सामान बांधून गावी गेली.

ताई मला रागावली नाही. त्यापेक्षा वाईट केलं. म्हणाली, "नंदू, तू आता उपयोगाचा राहिला नाहीस रे." आणि वर, "पण तिला आणायला तूच येशील माझ्याबरोबर."

आषाढात आम्ही सुरगाण्याच्या एस.टी.त बसलो, शेवटी दोन कोस चाललो. यमुनाच्या अंगणात पोचलो तेव्हा माझ्या बुटात इतका चिखल होता की ते काढताना मोजेही सोबत गेले. तिच्या वडिलांनी बसायला घोंगडी टाकली. पोरगी शिकली तेवढं लय झालं, आता सोयरीक आलीय, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. ताई बोलत होती, यमुना दाराशी मान खाली घालून उभी. मी घरून पाठ केलेली माफी सुरू केली. दोन वाक्यांत मला कळलं की वडीलधारा माणूस तिच्यासमोर माफी मागतोय याची तिला लाज वाटतेय, आणि मी गप्प झालो. तेवढ्यात तिची आई कमरेला पदर खोचत म्हणाली, "आमची आवणी चालू हाय. बोलायचं तं खाचरात चला, रोपं थांबत नाय."

आवणी म्हणजे भाताची रोपं लावणं. मी पँट वर गुंडाळून खाचरात उतरलो. यजमान चिखलात आणि पाहुणा बांधावर, हे मला बरं वाटेना. एक मूठ रोपं घेतली आणि लावत लावत ऐटीत पुढे निघालो. पाचव्या पावलाला मागून हसू आलं. यमुना तोंडावर हात धरून हसत होती. "काका, मागं सरकत लावायचं. पुढं जाताय तर लावलेलं सगळं तुडवताय." मी वळून बघितलं. माझ्या मागे एकही रोप उभं नव्हतं. मग ती माझ्या शेजारी आली, तीन-तीन काड्या कशा धरायच्या, अंगठ्यानं किती खोल दाबायचं, खोल गेलं तर फुटवा का येत नाही, ते सांगत राहिली. मी चुकत होतो आणि ती सांगत होती. मी मुद्दाम चुकत होतो असं मी नंतर शैलाला सांगितलं. ते खोटं होतं. ताई बांधावर आमच्याकडे पाठ करून उभी होती, समोरच्या डोंगराकडे बघत. पाऊण तास तिनं मान वळवली नाही. तिनं वळून बघितलं असतं तर यमुना थांबली असती, हे तिला माहीत होतं.

निघताना यमुना आमच्याबरोबर एस.टी.पर्यंत आली, आणि चार दिवसांनी नाशिकला. सोयरीक थांबली. माझ्या जागी ताईनं कोपऱ्यावरचे रहीमचाचा नेमले. ते शिंपी. म्हणाले, "बहनजी, मुझे पत्ते-वत्ते का कुछ नहीं समझता." ताई म्हणाली, "वही तो चाहिए." चाचा माझ्यापेक्षा कितीतरी सरस निघाले, कारण ऐकलेलं ते पुढच्या रविवारपर्यंत साफ विसरायचे. ऑक्टोबरच्या परीक्षेत यमुना पास झाली. पुढे कळवणकडे ज्युनिअर कॉलेजात शिकवू लागली.

ताई निवृत्त झाली. दिवाळीत तिची मुलं यायची, फराळ घ्यायची, नमस्कार करायची आणि भिंतीला टेकून गप्प बसायची. एका दिवाळीनंतर रिकाम्या बशा उचलताना ती मला म्हणाली, "मी यांचं सगळं भिंतीपलीकडून ऐकलं रे. समोर बसून माझ्याशी एकजणही बोललं नाही. यमुना एकदा तरी पाच मिनिटं बोलायला हवी होती." मी पुढच्या वेळी यमुनाला सांगून बघितलं. ती तयार झाली, ताईसमोर बसली, पदर सारखा केला, "मॅडम, तुम्हाला तर…" म्हणाली आणि उठून चहा टाकायला गेली. ताई हसली. मला वाटलं, खरंच हसली. आता वाटतं, नाही.

मग ताई विसरू लागली. आधी माणसांची नावं, मग वार, मग झाडांची नावं. डॉक्टरांनी सांगितलं की हे परतायचं नाही. मी तिला रोज संध्याकाळी फिरायला न्यायचो. एकदा कोपऱ्यावरच्या झाडाकडे बोट करून तिनं विचारलं, "हे काय हो?" मी सांगितलं, बहावा. इतक्या वर्षांत साठलेलं सगळं सांगितलं, शास्त्रीय नावासकट. ती नीट ऐकून घेऊन म्हणाली, "तुम्हाला बरंच येतं." आयुष्यभर ज्या शाबासकीसाठी मी तिच्याभोवती घुटमळलो, ती मला अशी मिळाली. मी कोण, हे तिला त्या वेळी ठाऊक नव्हतं.

इथे मला एक कबूल करायचं आहे. मी मुलांना तिच्याकडे येऊ दिलं नाही. फोन आले की सांगायचो, बरं नाही, आराम करतेय. एवढी मोठी बाई, तिला कोणी अशी बघू नये, असं मला वाटायचं. आता कळतं की लाज मलाच वाटत होती. सात-आठ महिने गेले असे. ते महिने कोणाचे होते आणि मी ते कोणापासून तोडले, याचा हिशोब मला अजून लागत नाही…

पावसाळ्याच्या तोंडाला यमुना न विचारता आली. पिशवीत रानभाज्या होत्या, वर शेवळांचे कोवळे कोंब. ताई खिडकीशी बसली होती. तिनं एक शेवळं उचललं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "हे काय गं?" यमुनाला वाटलं, मॅडम परीक्षा घेतायत. ती हसून खाली बघू लागली. ताईनं पुन्हा विचारलं, आणि उत्तर आलं नाही तसं ते कच्चंच तोंडाकडे नेलं. यमुनानं झटकन हात धरला. "मॅडम, कच्चं नाय खायचं. घसा खाजतो." मग तिनं माझ्याकडे बघितलं. जन्मभर झाडं शिकवलेल्या बाईला शेवळं कच्चं खाऊ नये हे ठाऊक नाही… मी मान खाली घातली. मला काही सांगावं लागलं नाही.

यमुना ताईच्या पायाशी जमिनीवर बसली. डोळे पुसले आणि बोलायला लागली. शेवळं कुठं उगवतं, पान येण्याआधी कसं वर येतं, शिजवताना काकडाची आंबट फळं घालतात, नाही तर चिंच. मग पिशवीतली दुसरी भाजी काढली, मग तिसरी. ताई पुढे झुकून ऐकत होती, "मग?" म्हणत होती. पाच मिनिटं नव्हे, तासभर चाललं. त्यानंतर एका रविवाराआड ती कळवणहून येत राहिली. प्रत्येक वेळी ताईला सगळं नवीनच असायचं, आणि यमुना प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगायची. दसऱ्याच्या सुमाराला ताईनं मधेच तिला विचारलं, "एवढं सगळं तुला शिकवलं कोणी?"

यमुना म्हणाली, "आमच्या मॅडमनी."

"चांगल्या असतील."

"हो," यमुना म्हणाली. "त्यांना सगळं ठाऊक होतं."

ताईनं मान डोलावली, दुसऱ्या कोणा बाईचं कौतुक ऐकावं तशी.

कार्तिकात ती गेली. परवा मी आणि शैला तिची खोली आवरत होतो. गादी उचलली तर खाली वर्तमानपत्रांची चळत. मला वाटलं, आजारपणात काहीबाही कोंबलं असेल. उघडून बघितलं तर प्रत्येक घडीत एकेक भाजी नीट पसरून दाबलेली होती. यमुनानं आणलेलीच, कुरडू, फोडशी, भारंगी… आणि प्रत्येक फांदीवर एक पान मुद्दाम उलटं केलेलं. वनस्पती वाळवताना असं करतात, म्हणजे पानाची खालची बाजूही बघणाऱ्याला दिसते. नावं गेली होती, माणसं गेली होती, पण तिचे हात रविवारनंतर एकटेच बसून एकेक पान उलटं करत होते. कोपऱ्यात नाव लिहायची जागाही तिनं सोडली होती. ती सगळीकडे कोरी.

मी पेन घेऊन बसलो आणि मला येणारी नावं लिहिली. नऊ लिहिली. दहावी फांदी मी अर्धा तास खिडकीच्या उजेडात धरून बघितली, पानाची दोन्हीकडची बाजू बघितली. मला ती येत नाही. येत्या रविवारी यमुना येणार आहे. तिला विचारीन, आणि या वेळी मधे बोलणार नाही.